मंगेशीपासून जुन्या गोव्यापर्यंत

आमचे कुलदैवत मंगेशी. बेळगावात आमच्या चार पिढ्या झाल्या. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड, असा आमचा दिवस तीन भाषांत सरतो. पण वर्षातून एकदा देवाला जाऊन यायचे, हा पणजोबांपासूनचा नेम सहसा चुकलेला नाही. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांचे असेच आहे. कोणाची शांतादुर्गा, कोणाची म्हाळसा, कोणाचा रामनाथ. बेळगावहून पहाटे निघायचे, चोर्ल्याचा घाट उतरायचा, अभिषेक-महाप्रसाद उरकून संध्याकाळी परतायचे.

लहानपणापासून या प्रवासातली एक गोष्ट मला कळत नसे. परत येताना कोणीतरी म्हणायचे, "पोरांना जुने गोवे दाखवू या." गाडी जुन्या गोव्याला थांबायची. आई, काकू, आम्ही भावंडे उतरून चर्च बघून यायचो. अण्णा मात्र उतरत नसत. वर्तमानपत्र उघडून गाडीतच बसून राहायचे. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाले, "ज्या गावाने आपल्या देवाला घर सोडायला लावले, तिथे मी कशाला उतरू?" त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा मंगेशीला गेलो. अण्णा आता एकोणऐंशीचे आहेत. नेमके त्याच दिवसांत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन चालू होते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे ते चालले. या वेळी अण्णा गाडीतून उतरले. तो प्रसंग आणि त्यानिमित्ताने वाचलेला इतिहास मंडळाच्या वाचकांसमोर ठेवतो. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. स्थापत्याची पदविका घेऊन सरकारी खात्यात रस्ते-इमारतींची कामे बघणारा माणूस आहे. पण हा इतिहास आपल्या घरांचाच आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

सुरुवात मंगेशीच्या देवळापासूनच करू. माझ्या बारा वर्षांच्या मुलाने आवारातली दीपमाळ बघत विचारले, "आजोबा, हे देऊळ किती जुने?" अण्णा म्हणाले, "देऊळ नंतरचे. देव त्याहून जुना. देवाचे मूळ गाव हे नव्हे."

मंगेशाचे मूळ स्थान झुआरी नदीच्या पलीकडे, सासष्टीतली कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. १५६० साली भक्तांनी देवाचे लिंग तिथून हलवले आणि नदी ओलांडून प्रियोळला आणले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. कारण सरळ होते. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे तालुके पोर्तुगीजांच्या हाती होते. तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली आणि सासष्टीतली १५६७ मध्ये. नदीपलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होता. तिथे देवाला आसरा मिळाला. पुढे तो मुलूख मराठ्यांकडे आणि सोंधेकरांकडे राहिला. तो पोर्तुगीजांकडे गेला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तोवर देवळे पाडण्याचा काळ मागे पडला होता. म्हणूनच गोव्यातली आपली मोठी देवस्थाने एकट्या फोंडा तालुक्यात एवढी दाटीने दिसतात. कवळ्याच्या शांतादुर्गेचे आजचे देऊळ शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभे राहिले. मंगेशीला पेशव्यांकडून गाव इनाम मिळाले.

मंगेशीहून जुने गोवे दहा-बारा किलोमीटर असेल. बाणस्तारीचा पूल ओलांडला की आपण तिसवाडीत येतो. देव ज्या हद्दीतून बाहेर पडले त्याच हद्दीत आपण पाच मिनिटांत शिरतो, आणि ते ध्यानातही येत नाही.

जुने गोवे हे आदिलशाहीतले भरभराटीचे बंदर. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने ते जिंकले. तो दिवस सेंट कॅथरीनचा, म्हणून इथले मुख्य चर्च, से कॅथेड्रल, तिच्या नावाचे आहे. त्याचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले आणि इमारत पुरी व्हायला १६१९ उजाडले. त्याला दोन मनोरे होते. एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सर्वांत मोठी घंटा आहे. तिला सुवर्ण घंटा म्हणतात.

आता ज्यांच्यासाठी एवढी गर्दी लोटते त्या फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयी. जन्म १५०६, स्पेनच्या बाजूच्या नवार प्रांतातला. पॅरिसला शिकत असताना इग्नेशियस लोयोला यांच्याशी गाठ पडली आणि त्यांतून पुढे जेझुइट संघ उभा राहिला. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. इस्पितळात रुग्णांची सेवा करत, रस्त्यावरून घंटा वाजवत मुले गोळा करून त्यांना प्रार्थना शिकवत. पण ते गोव्यात फार काळ थांबले नाहीत. तमिळ किनाऱ्यावरचे मच्छीमार, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि शेवटी १५४९ मध्ये जपान, असा त्यांचा प्रवास चालूच राहिला. चीनमध्ये शिरण्याची वाट बघत असताना, किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांचा अंत झाला. पुरताना शवपेटीत चुना भरला होता. दोन-अडीच महिन्यांनी पेटी उघडली तेव्हा देह जसाच्या तसा होता, असे त्या वेळच्या लोकांनी लिहून ठेवले. तो देह आधी मलाक्काला आणि मार्च १५५४ मध्ये गोव्याला आणला. १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग रोमला पाठवला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

आज हे अवशेष बॉम जीझस चर्चमध्ये चांदीच्या पेटीत आहेत. ती पेटी १६३७ च्या सुमाराची, गोव्याच्याच सोनारांच्या हातची. तिच्याखालची संगमरवरी समाधी मात्र इटलीतली. टस्कनीच्या ड्यूकने, तिसऱ्या कोसिमोने ती पाठवली. संताच्या डोक्याखालची उशी त्याला भेट मिळाली होती, तिची ही परतफेड. फॉग्गिनी या शिल्पकाराला ती घडवायला दहा वर्षे लागली आणि १६९८ मध्ये ती इथे बसवली. लोकांसाठी पहिले शवप्रदर्शन १७८२ मध्ये झाले. देह नाहीसा झाला अशी वदंता उठली होती, ती खोडण्यासाठी. अलीकडे ते दर दहा वर्षांनी होते. त्या वेळी अवशेष मिरवणुकीने से कॅथेड्रलमध्ये नेतात. एरवी ३ डिसेंबरच्या फेस्ताला आणि त्याआधीच्या नऊ दिवसांच्या नोव्हेनांना माणसे येतात. गोव्यातून, कोकणातून, कारवारातून आणि आपल्या भागातूनही कित्येक जण पायी चालत येतात. गोव्यात त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात.

आता अण्णांच्या रागाचे कारण. झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन पाठवावे, अशी विनंती केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये ते आले. त्याच वर्षी मंगेशाने कुशस्थळी सोडली. मधली चार वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले. ही गोष्ट लपवून झेवियर यांचे चरित्र सांगता येत नाही. आणि तेवढी एकच गोष्ट सांगूनही ते पुरे होत नाही.

त्या दिवशी आम्ही रांगेत उभे राहिलो. अण्णा रांगेत आले नाहीत. "मी इथे बसतो, तुम्ही जाऊन या," म्हणून मांडवातल्या एका खुर्चीवर बसले. गाडीबाहेर पडले, एवढेच आम्हाला खूप होते. दीडेक तासाने आम्ही परतलो तेव्हा अण्णा शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंशी कोकणीत बोलत होते. बाई त्यांच्याच वयाच्या, खानापूरकडच्या, सून-नातवंडांबरोबर आलेल्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. त्यांनीच आधी विचारले होते, "तुमी खंयचे?" अण्णांनी सांगितले, राहणारे बेळगावचे, देव मंगेशी. बाई म्हणाल्या, "आमी पयलीं गोंयचींच. आमचे पूर्वज रातीं पळून घाट चडले म्हण सांगतात."

अण्णांना ते नवीन होते. घरी परतल्यावर त्यांनी मला पुस्तके आणायला लावली आणि आम्ही दोघांनी मिळून वाचले. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता. ज्याने धर्म बदलला, पण दारातली तुळस, लग्नातली हळद, एकादशीचा उपास सोडला नाही, तो पहिला सापडायचा. १७३६ च्या फर्मानात अशा चालीरीतींची लांबलचक यादीच दिली आहे. तेव्हा देव घेऊन पळाले ते आपले पूर्वज, आणि देव सुटल्यावरही जुन्या चाली सुटेनात म्हणून पळाले ते या बाईंसारख्यांचे पूर्वज. कारवार, मंगळूर, खानापूर, बेळगाव या भागांत गोव्याहून आलेली ख्रिस्ती घरे आहेत, ती का आली याचे एक उत्तर यात सापडते. दुष्काळ आणि लढाया ही आणखी कारणे. एकाच गावातून, एकाच भयाने निघालेली दोन घरे साडेचारशे वर्षांनी एकाच मांडवात शेजारी बसली होती. एकाची यात्रा मंगेशीची आणि दुसऱ्याची सायबाची, एवढाच फरक.

आपल्या इतिहासाशी या चर्चचा आणखी एक संबंध आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात व्हाईसरॉय काँदे द आल्व्होरने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराज कुमक घेऊन धावून आले आणि पोर्तुगीजांना माघार घ्यावी लागली. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुन्या गोव्याजवळचे जुवे बेट घेतले. राजधानीचा धीर सुटला. तेव्हा व्हाईसरॉय बॉम जीझसमध्ये गेला, शवपेटी उघडायला लावली आणि आपला अधिकारदंड संताच्या हातात ठेवून म्हणाला, आता राज्य तुम्हीच राखा. पुढे मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे महाराजांना परत फिरावे लागले. भाविकांनी याला चमत्कार मानले. इतिहासाच्या पुस्तकात कारण म्हणून शाहआलमची फौज लिहिलेली असते. पुढचे गव्हर्नर सूत्रे हाती घेताना अधिकारदंड या समाधीवरून उचलत, ती प्रथा इथूनच पडली.

याच व्हाईसरॉयने काही महिन्यांनी, २७ जून १६८४ रोजी हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पण त्याआधी सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि जन्मभर इथेच राहिला. लोकांना पुराणे ऐकायची सवय आहे हे बघून त्याने बायबलची कथा मराठी ओवीत रचली. तिची सुमारे अकरा हजार ओव्यांची पोथी १६१६ मध्ये राशोलला छापली. तेच 'क्रिस्तपुराण'. छपाई रोमन लिपीत आणि भाषा मराठी. त्यानंतर ते आणखी दोनदा छापले गेले, म्हणजे वाचणारे-ऐकणारे होते. भाषा सोडा म्हणणारे आणि त्याच भाषेत ओवी लिहिणारे, दोघेही याच राजवटीत होऊन गेले. बेळगावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले काय मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

इमारतींविषयी माझ्या धंद्यातल्या दोन गोष्टी सांगतो. बॉम जीझस आज तांबडे दिसते. फोटोत ते शोभूनही दिसते. पण मुळात ते असे नव्हते. या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत आणि त्यांवर चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या काही वर्षांत जुनेपणा दिसावा म्हणून तो खरवडून काढला. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, पण त्याची भोके पाणी पितातच. कोकणातल्या पावसात जांभ्याला गिलाव्याचा अंगरखा हवा. तो काढल्यापासून भिंती झिजत चालल्या आहेत.

दुसरी गोष्ट टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीन चर्चची. १६०२ मध्ये पुरे झालेल्या या भव्य चर्चचा ४६ मीटरचा एक मनोरा अर्धवट उभा आहे, बाकी सगळे पडले. हल्ला कोणी केला नाही. अस्वच्छ पाणी, हिवताप, कॉलरा यांनी शहर ओस पडले. व्हाईसरॉय १७५९ मध्ये पणजीकडे सरकला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मध्ये १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच धर्मसंघांना बाहेर काढले. राखणारे हात गेले आणि १८४२ मध्ये या चर्चचे छत खाली आले. देवळे पाडणाऱ्या राजवटीने शेवटी आपलीच मंदिरे वाऱ्यावर सोडली. याच ढिगाऱ्यात पुरातत्त्व खात्याला जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष सापडले. तिला १६२४ मध्ये इराणात धर्म न सोडल्याबद्दल छळ करून मारले होते. हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासून त्याला दुजोरा दिला आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले. धर्मासाठी मारली गेलेली राणी, आणि तिचे अवशेष कुठे, तर इन्क्विझिशनच्या गावात. इतिहास असा असतो.

निघण्यापूर्वी आम्ही व्हाईसरॉयच्या कमानीखालून मांडवीच्या धक्क्यावर गेलो. समोर दिवाडी बेट. बेटावर नार्वे येथे कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर होते. ते देऊळ बहामनी काळात एकदा मोडले, विजयनगरच्या माधवमंत्र्याने पुन्हा उभारले आणि पोर्तुगीजांच्या काळात पुन्हा पडले. देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी करवला. आणि याच दिवाडीवर एक गणपतीही होता. तोही देव हलवला गेला, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरत शेवटी माशेलजवळ खांडोळ्याला स्थिरावला. गोव्यात काही घरांत आजही मातीच्या मूर्तीऐवजी कागदावरचा किंवा पत्रीचा गणपती पुजतात. उघड मूर्ती ठेवता येत नसे त्या काळातली ती आठवण, असे जुनी माणसे सांगतात.

परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, "खांडोळ्याला घे गाडी." देवळात दिवेलागण झाली होती. मुलाने विचारले, "आजोबा, या बाप्पाला पण घर सोडावे लागले?" अण्णा म्हणाले, "हो. आणि त्या आजीच्या आजोबांनाही."

अण्णांचा राग गेला, असे मी म्हणणार नाही. ते चर्चच्या आत गेले नाहीत, आणि आम्हीही आग्रह केला नाही. पण पुढच्या वेळी दिवाडीला होडीने जायचे, हे त्यांनीच ठरवले आहे.

तेव्हा मंडळातल्या कुलदैवताला जाणाऱ्या घरांना एवढेच सांगणे, की अभिषेक झाल्यावर दोन तास जुन्या गोव्यासाठी ठेवा. आत जाणे न जाणे ज्याच्या त्याच्या मनावर. पण सोबतच्या मुलांना देव कुठून निघाले, कोणत्या नदीवरून गेले आणि त्यांच्यामागून आणखी कोण कोण निघाले, ते त्या जागेवर उभे राहून सांगा. येताना खांडोळ्याच्या गणपतीला आपल्या मंडळाच्या गणपतीचाही नमस्कार सांगा.